मागचा सिलिंडर

चार हिवाळे प्रियदर्शनी तायडेनं एका मोटरसायकलची वाट पाहिली.

गाडी अंकुरची होती. इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन सिलिंडर, एक पुढं झुकलेला, एक मागं. काळी टाकी, तिच्यावर सोनेरी पट्टा. अमरावतीत तेव्हा तशा मोजून तीन गाड्या. अंकुरचे वडील रस्त्यांचे ठेकेदार, आणि अंकुर त्या गाडीवर बसून व्हिडिओ टाकायचा. बघणारे लाखावर होते. दर रविवारी त्याच्यामागे पंधरा-वीस गाड्यांचा ताफा निघायचा.

प्रियदर्शनी तेव्हा सव्वीस वर्षांची. ऑटोमोबाईलचा डिप्लोमा करून अमरावतीच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये लागलेली. सहा मेकॅनिकांत ती एकटी बाई. तिचे वडील धर्मपाल अकोल्याच्या एसटी डेपोत तीस वर्षं इंजिनं खोलून-जोडून निवृत्त झाले होते. लहानपणी ते तिला डेपोत न्यायचे आणि विचारायचे, "ऐक, काय म्हणून राहिली बस?" त्यामुळं इंजिन चालू झालं की आधी काही न बोलता ऐकायचं, ही तिची सवय.

डिसेंबरात अंकुर गाडी घेऊन आला. "सकाळी उठतच नाही. उठली तर खोकते, थरथर करते, स्लोवर थांबत नाही. सिग्नलवर बंद पडते."

वर्कशॉपमधल्या बाकी लोकांनी गाडी चालू करून पाहिली. काहीच नव्हतं. अंकुर ती शहरभर फिरवून आणायचा, तोवर इंजिन तापलेलं असायचं. प्रियदर्शनीनं गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी आठला, इंजिन बर्फासारखं असताना, सेल्फ मारला. गाडी एकाच सिलिंडरवर उठली. मागचा सिलिंडर कधी पेटत होता, कधी नुसता खोकत होता. अर्ध्या तासात तिला कारण सापडलं. मागच्या सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळीच्या जोडावरचं रबरी सील फाटलं होतं. तिथून जास्तीची हवा आत जात होती आणि पेट्रोल कमी पडत होतं. इंजिन तापलं की धातू फुगायचा, फट मिटायची आणि गाडी शहाण्यासारखी चालायची. कोणीतरी नवा फिल्टर बसवताना तो जोड खोलला होता आणि सील चिमटलं होतं. फट बुजवायला वरून लाल गोंदही फासला होता.

तिनं जॉब कार्डावर सगळं लिहिलं. खाली लिहिलं, 'सील बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. थंड इंजिनावर चालत्या गाडीत बंद पडू शकते.' जॉब कार्डाचा तिनं फोटो काढून ठेवला. डेपोतली शिस्त, धर्मपाल सगळ्या कागदांची नक्कल ठेवायचे.

सील यायला तीन आठवडे लागणार होते. अंकुरला रविवारी ताफा घेऊन गुरुकुंज मोझरीपर्यंत जायचं होतं.

"पोरी, एका रबरासाठी माझी राइड थांबवते काय?" तो म्हणाला आणि गाडी घेऊन गेला.

रविवारी पहाटे, हायवेला लागायच्या वळणावर, गाडी बंद पडली. मागचं चाक जाम झालं, अंकुर पडला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

मंगळवारी तो हात गळ्यात बांधून वर्कशॉपमध्ये आला. सोबत आठ जण. मॅनेजरनं प्रियदर्शनीला आतल्या खोलीत बोलावून सांगितलं, "माफी माग. नाही तर तो आपलं दुकान बंद पाडते. सहा जणांची चूल आहे इथं." तिनं जॉब कार्ड मागितलं. कार्ड फाइलमध्ये नव्हतं.

तिनं माफी मागितली. गाडीसमोर उभं राहून, हात जोडून. अंकुरनं एक मिनिट बारा सेकंदांचा व्हिडिओ केला आणि टाकला. चार लाख लोकांनी तो पाहिला. खाली लोकांनी विचारलं, हिला डिप्लोमा कोणत्या कोट्यातून भेटला. एकानं लिहिलं, हिच्या हातात पाना नाही, झाडू द्या. त्यावर अंकुरनं हसण्याचं चिन्ह टाकलं होतं. शनिवारी मॅनेजरनं तिला कामावरून काढलं.

तिनं जॉब कार्डाचा फोटो टाकला. लोक म्हणाले, आता घरी बसून लिहिलं.

ती अकोल्याला परत आली. पंचफुलाबाईंनी, तिच्या आईनं, तिच्यासमोर ताट ठेवलं. धर्मपालनं तो व्हिडिओ चहाच्या टपरीवर दुसऱ्याच्या फोनमध्ये पाहिला होता. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "गाडी खोटं बोलत नाही, बेटा."

ते वाक्य तिनं धरून ठेवलं, पण बापाच्या मनात होतं त्या अर्थानं नाही. ती विचार करत बसली. फोटो खोटा ठरवता येतो, माणूस खोटा ठरवता येतो. पण ते सील तिथंच आहे. अंकुर ते बदलणार नाही, कारण बदललं तर ती बरोबर होती असं होतं. दुसऱ्या कोणाला ते सापडणार नाही, कारण गाडी गॅरेजपर्यंत पोचेस्तोवर तापते. उन्हाळ्यात गाडी ठणठणीत राहील, तो विसरून जाईल. थंडी आली की ती पुन्हा खोकेल. दरवर्षी. कधी ना कधी तो अशा माणसाला शोधेल, जो बाकीच्यांना न सापडलेलं शोधतो.

तो माणूस आपण व्हायचं, असं तिनं ठरवलं.

त्या आठवड्यात तिनं अंकुरचे जुने व्हिडिओ एकेक करून पाहिले. दीडशेच्या वर होते. एकशे सदतिसाव्यात तिला हवं ते सापडलं. घराच्या पोर्चमध्ये बसून अंकुर स्वतः नवा फिल्टर बसवत होता आणि कॅमेऱ्यात पाहून सांगत होता, "मेकॅनिकची गरजच काय? थोडा गोंद लावला, काम फिनिश." बोटांवर लाल गोंद. तिनं तो व्हिडिओ उतरवून तीन ठिकाणी ठेवला. नुसता टाकला असता तर तोही लोकांनी उडवून लावला असता; सोबत ते सील हवं होतं.

मग जठारपेठेत भाड्यानं गाळा घेतला. पाटीवर नाव दिलं 'धर्मपाल ऑटो वर्क्स'. आधी स्कूटी, मग शेतकऱ्यांच्या बाइका. मग तिनं दोन सिलिंडरच्या गाड्या मागून घेतल्या. ज्या कोणी खोलत नव्हतं त्या. मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर ती दुकानाच्या नावानं उत्तरं लिहायची. दोन वर्षांत खामगाव, वाशीम, यवतमाळहून गाड्या येऊ लागल्या. ग्रुपवर लोक लिहायचे, 'अकोल्याच्या धर्मपालभाऊंना दाखवा.' तिनं कोणाची चूक दुरुस्त केली नाही.

चौथ्या हिवाळ्यात, जानेवारीत, निरोप आला. 'भाऊ, गाडी सकाळी स्टार्टिंगला त्रास देते. स्लो अजिबात नाही. नऊ मेकॅनिक झाले. पाहता का?' खाली नाव होतं, अंकुर, अमरावती.

तिनं फोन पालथा ठेवला. हात धुतले. मग लिहिलं, 'आणा. एक रात्र गाडी ठेवावी लागेल.'

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. थोडा जाड झाला होता. गाळ्यासमोर गाडी लावून त्यानं खुर्चीवर बसलेल्या धर्मपालकडं पाहिलं. "धर्मपालभाऊ तुमीच का?"

"धर्मपाल मीच, पण मी बसवाला. गाडी ही पाहते," धर्मपाल म्हणाले. त्यांनी त्याला ओळखलं होतं. त्यांचा आवाज कोरडा झाला होता.

अंकुर तिच्याकडं वळला. तिच्या तोंडावर धुळीसाठीचा मास्क होता, डोक्यावर टोपी. पण मास्क नसता तरी फरक पडला नसता, हे तिला त्याच्या डोळ्यांतून कळलं. तो तिला पाहत होता आणि त्याच्या आठवणीत काहीच हलत नव्हतं.

"ताई, तुमी? मस्त. कंटेंट आहे हा," तो म्हणाला.

"सकाळी सहाला या. थंड असतानाच कळते. सेल्फ तुमीच मारायचा."

"लाइव्ह केलं तर चालते काय? आमचा ग्रुप पण येईन."

"करा ना," ती म्हणाली. "जेवढे येतील तेवढे आणा."

संध्याकाळी गाळ्यात ती आणि गाडी दोघीच होत्या. तिनं टॉर्च धरून मागचा जोड पाहिला. लाल गोंद काळपट झाला होता, पण होता. मग तिची नजर पुढच्या ब्रेकवर गेली. दोन बोल्ट होते. पान्याचा एकेक फेरा. शंभर किलोमीटरचा हायवे. तिनं पाना हातात घेतलासुद्धा.

मग तिनं तो खाली ठेवला. दया आली म्हणून नाही. तो मेला असता तर त्याला कळलंच नसतं. आणि तिला ते त्याला कळायला हवं होतं.

सकाळी सहाला जठारपेठेत बारा-तेरा मोटरसायकली लागल्या. लोक जॅकेटांत हात खुपसून उभे होते, तोंडातून वाफा निघत होत्या. त्यात वर्षाली नावाची एक शाळेतली शिक्षिका होती, अकोल्याचीच, ताफ्यातली एकुलती एक बाई. तिचाही फोन हातात होता. धर्मपाल खुर्चीवर शाल घेऊन बसले होते.

अंकुरनं फोन उभा लावला. "तर मित्रांनो, जठारपेठ, अकोला. नऊ मेकॅनिक हरले. पाहू आज ताईचा हात चालते काय!"

"सेल्फ मारा," प्रियदर्शनी म्हणाली.

इंजिन खरखरलं, एकदा धडाडलं, फिल्टरमधून खोकलं आणि बंद पडलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा धरलं, पण असं की आरसे थडथड हलत होते. दोन ठोके पडायचे, एक गळायचा, मग तीन घाईघाईनं.

"रेस देऊ नका. राहू द्या तशीच."

तिनं कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे घेतला. पुढच्या सिलिंडरच्या जोडावर मारला. काही फरक नाही. मग मागच्या जोडावर, दोन सेकंद. इंजिन एकदम सावरलं. ठोके सरळ झाले, आरसे थांबले. स्प्रे काढला की पुन्हा थरथर. तिनं ते तीनदा केलं, सगळ्यांना दिसेल असं.

"म्हणजे काय, ताई?" वर्षालीनं विचारलं.

"मागच्या सिलिंडरले बाहेरची हवा भेटून राहिली. हवा जास्त, पेट्रोल कमी. मी पेट्रोलसारखं काही फवारलं की त्याचं पोट भरते. इंजिन तापलं की फट मिटते, म्हणून कोणाले सापडत नाही."

गर्दीत कोणीतरी टाळ्या वाजवल्या. अंकुर फोनकडं पाहून ओरडला, "पाहा! याले म्हणतात उस्ताद!"

तिनं इंजिन बंद केलं आणि पाऊण तासात जोड खोलला. कोणी हललं नाही. सील तिनं चिमट्यानं उचलून फोनसमोर धरलं. एका बाजूनं फाटलेलं, आणि त्यावर लाल गोंदाची साल.

"हा गोंद कंपनी लावत नाही. कोणी लावला?"

"अमरावतीत एक बाई होती मेकॅनिक," अंकुर म्हणाला. "तिचेच धंदे. तिच्यापायी मी पडलो होतो ना, जुन्या लोकायले आठवत असन. खांदा तोडला माझा."

"नाव काय तिचं?"

"नाव कोण लक्षात ठेवते, ताई!"

प्रियदर्शनीनं मास्क काढला. टोपी काढली. "प्रियदर्शनी धर्मपाल तायडे," ती म्हणाली. "लक्षात ठेवा आता."

तो अजूनही हसत होता. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

ती थांबली नाही. गाळ्याच्या भिंतीवर तिनं जॉब कार्डाचा फोटो मोठा करून लावला होता, त्यावरचं कापड तिनं ओढलं. तारीख, सही, 'सील बदलल्याशिवाय गाडी चालवू नये'. मग टॅब्लेटवर एकशे सदतिसावा व्हिडिओ लावला. पोर्च, फिल्टर, अंकुरचा आवाज. "थोडा गोंद लावला, काम फिनिश."

"बोटं पाहा," ती म्हणाली. "रंग पाहा. अन् हे सील पाहा."

अंकुरनं झडप घालून आपला फोन काढला आणि लाइव्ह बंद केलं. पण बाकीचे फोन चालूच होते. "बंद करा बे सगळे!" तो ओरडला. दोघांनी खिशात घातले. वर्षालीनं घातला नाही.

"मॅडम, बंद करा म्हटलं ना!"

"काहून?" वर्षाली म्हणाली. "तिचा केला तेव्हा बंद होता काय?"

तो एका मित्राच्या गाडीमागं बसून निघून गेला. त्याची गाडी गाळ्यात उघडी पडून राहिली.

दोन दिवसांत वर्षालीचा व्हिडिओ वऱ्हाडभर फिरला. अंकुरच्या सगळ्या जुन्या-नव्या व्हिडिओंखाली लोक एकच शब्द लिहू लागले, गोंद. त्याचं नावच गोंदभाऊ पडलं. पुढच्या रविवारी त्याच्या ताफ्यात चार गाड्या निघाल्या. प्रियदर्शनी हे सगळं वाचायची, रोज सकाळी, चहासोबत. सूड घेतल्यावर माणूस रिकामा होतो, असं तिनं ऐकलं होतं. तिला तसं काही झालं नाही. तिला भूक चांगली लागत होती.

धर्मपालला मात्र ती उघडी गाडी पाहवत नव्हती. "जोडून दे त्याले," ते म्हणाले. "दहा दिवस झाले. इंजिनात धूळ जाते."

"कपडा कोंबून ठेवला आहे."

"गाडीनं काय केलं तुझं?"

"गाडीचं नाही बाबा. तो यायचा आहे."

अकराव्या दिवशी अंकुर आला. एकटा, बसनं. दाढी वाढलेली. धर्मपालला त्यानं नमस्कार केला. त्यांनी मान हलवली, पण खुर्ची दिली नाही.

"काय पाहिजे तुमाले?" त्यानं तिला विचारलं.

"एक मिनिट बारा सेकंद."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो खाली पाहू लागला.

"हात जोडायची गरज नाही," ती म्हणाली. "जे झालं ते सांगायचं. तुमच्याच फोनवर, तुमच्याच पानावर."

तिनं फोन धरला. तो गाडीशेजारी उभा राहिला आणि बोलू लागला. "चार वर्षांपूर्वी एका मेकॅनिक ताईंबद्दल माझा गैरसमज..."

"थांबा." तिनं रेकॉर्डिंग पुसलं. "गैरसमज नाही. परत."

"चार वर्षांपूर्वी प्रियदर्शनी तायडे यांच्याबद्दल माझ्याकडून जी चूक..."

"चूक पाना हातातून सुटला तर होते. परत."

त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. "अजून काय म्हणू?"

"तुमाले माहीत आहे काय म्हणायचं ते."

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. अंकुरनं तोंडावरून हात फिरवला. तिसऱ्यांदा तो कॅमेऱ्याकडं पाहून बोलला, आणि हे बोलताना त्याचा आवाज कोणाच्याही ओळखीचा नव्हता. "सील मी फाडलं. गोंद मी लावला. प्रियदर्शनी तायडे यांनी गाडी चालवू नका म्हणून लिहून दिलं होतं, ते मला माहीत होतं. मी खोटं बोललो. त्यांची नोकरी माझ्यामुळं गेली. त्यांना जे बोललं गेलं, त्यावर मी हसलो."

शेवटचं वाक्य तिनं मागितलं नव्हतं. तिनं रेकॉर्डिंग संपवलं, त्याच्यासमोरच व्हिडिओ टाकला आणि फोन त्याला परत दिला.

मग तिनं कपाटातून नवं सील काढलं. अंकुर गाळ्याच्या पायरीवर बसून पाहत राहिला. तिनं जुना गोंद खरवडून काढला, दोन्ही तोंडं साफ केली, सील बसवलं, बोल्ट मापानं आवळले.

"नेऊ काय आता?" त्यानं विचारलं.

"नाही. रात्रभर थंड होऊ द्या. सकाळी उठली तर न्या."

तो अकोल्यातच कुठंतरी राहिला. सकाळी सहाला आला. त्यानं सेल्फ मारला आणि गाडी पहिल्याच दाबाला उठली. दोन्ही सिलिंडर एकमेकांना वाट देत, एकसारखे, जड ठोके टाकत होते. आरशात गाळ्याची पाटी स्थिर दिसत होती. अंकुर तिच्याकडं न पाहता म्हणाला, "चांगली केली."

"पाच मिनिटं तापू द्या. मग काढा," ती म्हणाली.

त्यानं पाच मिनिटं थांबून गाडी काढली. ती आवाज दूर जाईस्तोवर ऐकत उभी होती.

त्याचा नवा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत अकरा हजार लोकांनी पाहिला. पंचफुलाबाईंनी एकट्यांनी सात वेळा. शेजारच्या माणिकबाईंना बोलावून त्यांनी आवाज मोठा करून दाखवला आणि मग पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेल्या. चार लाखांपुढं अकरा हजार म्हणजे काहीच नव्हतं. प्रियदर्शनीला ते माहीत होतं.

धर्मपाल अंगणात चहा पीत होते. ती त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"तीन वेळा काहून म्हणायला लावलं त्याले?" त्यांनी विचारलं. "पहिल्याच वेळी मान खाली होती त्याची. मले वाटते, एकदा पुरे होतं."

"तुमाले पुरे होतं, बाबा," ती म्हणाली. "मले नव्हतं."

धर्मपालनं तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी आपल्या बशीतला अर्धा चहा तिच्या कपात ओतला आणि दोघं तो पीत बसले.